बंदूक तीच, खेळ दोन

मोजक्या जणांची तुकडी, बंद दाराआड शत्रू आणि एका चुकीत डाव संपण्याची धास्ती. 'टॅक्टिकल शूटर' प्रकारचे व्हिडिओ गेम असेच असतात. ते एकट्याने खेळता येतात आणि ऑनलाइनही. दोन्हींबद्दलचे काही समज मात्र तपासून घ्यायला हवेत.

गैरसमज : नेम पक्का असला की झालं.

वस्तुस्थिती : 2015 साली आलेल्या 'रेनबो सिक्स सीज'मध्ये पाच विरुद्ध पाच असा सामना होतो. पहिले 45 सेकंद तयारीचे असतात. बचाव करणारे भिंती मजबूत करतात, दारं अडवतात, तर हल्ला करणारे चाकांवरचे छोटे ड्रोन आत सोडून शत्रू कुठे आहे ते हेरतात. मजबूत न केलेल्या बऱ्याच भिंती फोडता येतात, त्यामुळे गोळी दारातूनच येईल असं नाही. एकदा बाद झालात की तो राउंड संपेपर्यंत परत येता येत नाही. म्हणून आधी माहिती, मग नेम.

गैरसमज : एकट्याने खेळणं म्हणजे ऑनलाइनची रंगीत तालीम.

वस्तुस्थिती : या प्रकाराचा पाया घालणाऱ्या खेळांपैकी एक म्हणजे 1998 चा पहिला 'रेनबो सिक्स'. त्यात मोहिमेआधी नकाशावर प्रत्येक तुकडीचा मार्ग आखावा लागे. मारला गेलेला साथीदार पुढच्या मोहिमांना मिळत नसे. 2005 च्या 'स्वॉट 4'मध्ये खेळाडू पोलिस पथकाचा प्रमुख असतो आणि चार साथीदारांना लाल व निळ्या जोड्यांत विभागून हुकूम देतो. संशयिताला आधी शरण येण्याची संधी द्यायची असते. विनाकारण गोळी झाडली तर गुण कापले जातात, आणि 'एलिट' पातळीवर पास व्हायला 100 पैकी 95 गुण लागतात. शिवाय संशयितांच्या जागा दर वेळी बदलतात, त्यामुळे पाठांतर कामी येत नाही. इथे कस लागतो तो संयमाचा.

गैरसमज : बॉट्सना हरवलं की माणसांनाही हरवता येईल.

वस्तुस्थिती : बॉट्सशी, म्हणजे संगणक चालवतो त्या खेळाडूंशी, खेळून नकाशा पाठ होतो, बंदुकीचा झटका हाताला कळतो. पण माणूस हूल देतो. एका दाराशी मुद्दाम आवाज करून दुसऱ्या बाजूने येतो, आणि मागच्या राउंडमध्ये तुम्ही कुठे लपला होतात तेही लक्षात ठेवतो.

गैरसमज : ऑनलाइन संघात हुकूम सोडणारा कॅप्टन हवाच.

वस्तुस्थिती : अनोळखी खेळाडू हुकूम ऐकतीलच असं नाही. त्यांच्या उपयोगी पडते ती खबर : 'जिन्यावर दोघं', 'एक जखमी, डावीकडे'. माईकवर बोलायचा संकोच वाटत असेल तर 'पिंग'चं बटण दाबून जागा दाखवता येते. 'सीज'मध्ये बाद झालेला खेळाडूही कॅमेऱ्यांतून पाहून साथीदारांना सावध करू शकतो.

गैरसमज : नेट फास्ट असेल तर लॅग, म्हणजे खेळातला विलंब, येणार नाही.

वस्तुस्थिती : एमबीपीएसचा आकडा सेकंदाला किती डेटा येतो ते सांगतो. खेळात महत्त्वाचा असतो तो दुसऱ्या अर्थाचा 'पिंग', म्हणजे सर्व्हरपर्यंत जाऊन परत यायला लागणारा वेळ. 2020 च्या 'व्हॅलोरंट'चे सर्व्हर सेकंदाला 128 वेळा, म्हणजे साधारण दर 8 मिलिसेकंदांनी, खेळाची स्थिती ताजी करतात. आता पुण्यातला खेळाडू न्यू जर्सीतल्या मावसभावासोबत खेळतोय असं समजा. अंतर 12 हजार किलोमीटरांहून जास्त. फायबरमध्ये प्रकाश सेकंदाला सुमारे 2 लाख किलोमीटर जातो, म्हणजे निव्वळ जाण्या-येण्यातच किमान 120 मिलिसेकंद जातात. महागडा प्लॅन घेऊन हे अंतर कमी होत नाही. जवळचा सर्व्हर निवडणं आणि वायफायऐवजी केबल लावणं, एवढंच आपल्या हातात असतं.

एकट्याने खेळताना हुकूम नीट देता यायला हवा, ऑनलाइन खेळताना खबर वेळेवर. एकात तरबेज झालेला दुसऱ्यात पहिल्याच दिवशी चमकेल, ही अपेक्षा न ठेवलेली बरी.