माल्टाच्या आधी माझगाव

भूमध्य समुद्रातल्या बेटांच्या सहलीचा बेत साधारण ठरलेला असतो. एक दगडी गाव, दोन-चार चर्च, एखादे अतिप्राचीन मंदिर. माल्टातल्या जगन्तियाचे दगड पिरॅमिडांहून जुने आहेत. सायप्रसच्या फामागुस्तात सेंट निकोलस कॅथीड्रलची १५७१ नंतर मशीद झाली. गिरगाव-दादरची मंडळी हे सारे हौसेने पाहून येतात आणि त्यात वावगे काहीच नाही. पण १६६८ मध्ये इंग्लंडच्या राजाने वर्षाला दहा पौंड भाड्याने ईस्ट इंडिया कंपनीला दिलेली आपली मुंबईही बेटांचीच होती, आणि गावठाणे, चर्च, प्राचीन शिल्पे हा सगळा ऐवज तिच्यावरही आहे. तो नजरेत भरत नाही, कारण आपण जुनेपणा भिंतीत शोधतो. या बेटावर तो जागेत आणि वहिवाटीत शोधावा लागतो.

दादरचे पोर्तुगीज चर्च घ्या. फ्रान्सिस्कनांनी ते १५९६ मध्ये उभारले, पण आज दिसते ती इमारत वास्तुविशारद चार्ल्स कोरिया यांची, १९७०च्या दशकातली. काँक्रीटचे ते घुमटाकार छत पाहून कुणाला सोळावे शतक आठवणार? तरी प्रार्थनेची जागा तीच. ग्लोरिया चर्चची गोष्ट उलटी. १६३२ चे मूळ चर्च माझगावात होते. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ते पाडले गेले आणि १९१३ मध्ये नाव घेऊन भायखळ्यात नव्याने उभे राहिले. परळचे गव्हर्नमेंट हाऊस तर एकट्याने या शहराचा इतिहास सांगते. पोर्तुगीज काळातला ख्रिस्ती मठ, मग गव्हर्नरांचे निवासस्थान आणि १८९९ पासून शास्त्रज्ञ हाफकिन यांची प्लेगची प्रयोगशाळा. फामागुस्ताचे रूपांतर पाहायला विमानाने जाणाऱ्याला परळचे हे रूपांतर फुकटात मिळते. आणि जगन्तियाच्या तोडीचे वय नसले, तरी तिथून जवळच बारादेवीच्या देवळात सुमारे दीड हजार वर्षांची एक शिळा आहे. १९३१ मध्ये रस्त्याच्या कामात सापडलेली, साडेतीन मीटरच्या आसपास उंचीची. मधल्या शिवाच्या अंगातून वर आणि दोन्ही बाजूंना आणखी शिव प्रकटतात, अशा एकूण सात आकृती. पायाशी वाद्ये वाजवणारे गण. घारापुरीला बोटी भरून लोक जातात, तिच्याच घराण्यातले हे शिल्प गिरण्यांच्या वस्तीत उभे आहे. त्याची प्रतिकृती छत्रपती शिवाजी महाराज वास्तुसंग्रहालयात आहे, आणि मूळ न पाहिलेल्या मुंबईकरांनी निदान ती तरी पाहावी.

यावर एक आक्षेप येईल, आणि तो रास्त आहे. जुनेपणा जागेतच असेल तर घरे पाडायला काय हरकत? बिल्डरला हा युक्तिवाद फारच आवडेल. उत्तर गिरगावातल्या खोताच्या वाडीत आहे. पाठारे प्रभू खोत दादोबा वामन यांच्यावरून नाव पडलेली ही वाडी पुढे ईस्ट इंडियन, म्हणजे मुंबईच्या मूळच्या ख्रिस्ती, कुटुंबांची झाली. एकेकाळी तिच्यात पासष्टच्या आसपास घरे होती, आज ती तिशीच्या आत आली आहेत. लाकडी व्हरांडा, बाहेरून चढणारा जिना, कौलारू छप्पर, दोन माणसे जेमतेम जातील अशी गल्ली: इथली वहिवाट या मापावरच चालते. पोर्तुगीज चर्च नव्या छताखाली टिकले, कारण त्याची मंडळी आणि त्यांचे काम टिकले. वाडीच्या जागी बहुमजली मनोरा आला तर शेजारच उरत नाही, मग जागा तीच आहे म्हणण्याला अर्थ काय? माझगावच्या माथारपाखाडीलाही, जिथे स्वातंत्र्य चळवळीतले नेते काका बाप्टिस्टा राहिले, हाच धोका आहे. १९९५ च्या मुंबईच्या वारसा नियमावलीने वारसायादीचे कवच दिले, पण कौले शाकारायचा खर्च यादी देत नाही. तो रहिवाशाच्याच खिशातून जातो.

दुसरा आक्षेप रहिवाशांचाच असतो: आमच्या ओट्यावर कॅमेरे नकोत. तोही खरा आहे. माल्टात हाल साफ्लीनीच्या भूगर्भातल्या दफनस्थळी दिवसाला फक्त ८० माणसांना प्रवेश असतो, कारण श्वासानेही दगड झिजतो. वाडीत माणसे राहतात, तेव्हा मर्यादा त्याहून कडक हवी. ती रहिवाशांनी ठरवावी, वाटाड्याही त्यांच्यातलाच असावा आणि त्याच्या फीमधला वाटा कौलांसाठी बाजूला पडावा. दादरच्या चर्चमध्ये रविवारच्या मिस्साच्या वेळी जायचे असेल, तर मागच्या बाकावर बसावे. छायाचित्रे इतर दिवशी, विचारून.