धंद्याची बाराखडी (भाग ६) : आधी माल, मग नाव, मग ससा

गेल्या आठवड्यात आपण मालाची किंमत कशी ठरवायची ते पाहिलं. त्या हिशेबात एक प्रश्न मुद्दाम बाजूला ठेवला होता: वजन तेच, माल जवळपास तोच, तरी एका पुडीसाठी गिऱ्हाईक दहा रुपये जास्त का मोजतं?

उत्तर किराणा दुकानात सापडतं. ‘पावशेर मिरची पूड द्या’ असं कुणी म्हटलं की दुकानदार हाताला येईल ती पुडी देतो, आणि हाताला बहुधा तीच येते जिच्यात त्याला जास्त सुटतात. ‘बेडेकरांचं लोणचं द्या’ असं म्हणणाऱ्यापुढे मात्र त्याचा इलाज चालत नाही. बरणी संपली असेल तर तो मागवून ठेवतो, कारण हे गिऱ्हाईक उद्या शेजारच्या दुकानात जाईल हे त्याला पक्कं ठाऊक असतं. पहिल्या सौद्यात कुणाचा माल खपवायचा हे दुकानदार ठरवतो, दुसऱ्यात गिऱ्हाईक. ब्रँडिंगचा सगळा खटाटोप आपला माल पहिल्या सौद्यातून दुसऱ्यात नेण्यासाठी असतो. लोगो, रंग, डबा, इन्स्टाग्रामचं पान ही झाली साधनं. नवा धंदेवाला नेमका साधनांपासून सुरुवात करतो आणि हाताशी असलेलं भांडवल डिझाइनवर घालवून बसतो. हा क्रम उलटा आहे. तो सुलटा कसा असतो, हे गिरगावातल्या एका धंद्याच्या गोष्टीत दिसतं.

तीन वर्षांनी आलेलं नाव

१५ मार्च १९५९ रोजी गिरगावातल्या एका इमारतीच्या गच्चीवर सात गुजराती बायका पापड लाटायला बसल्या. भांडवल ८० रुपये, तेही छगनलाल करमशी पारेख ऊर्फ छगनबाप्पा यांच्याकडून उसने घेतलेले. पहिल्या दिवशी चार पाकिटं झाली आणि ती भुलेश्वरच्या एका व्यापाऱ्याकडे गेली. पावसाळा आला तसे पापड वाळेनात, काम थांबलं. पुढच्या वर्षी त्यांनी एक खाट आणि एक स्टोव्ह घेतला. खाटेवर पापड, खाली स्टोव्ह. पहिल्या वर्षाची विक्री झाली ६,१९६ रुपये.

या बायका सुरुवातीला दोन प्रतींचे पापड करत. चांगला जरा चढ्या भावाने, दुसरा स्वस्तात. कुणाही नवख्या धंदेवाल्याला हे शहाणपणाचं वाटेल, कारण दोन्ही प्रकारचं गिऱ्हाईक सांभाळलं जातं. पण छगनबाप्पांनी सांगितलं, एकच प्रत ठेवा आणि ती कधी खाली येऊ देऊ नका. रोजच्या मिळकतीवर अवलंबून असलेल्या बायकांसाठी हा सल्ला सोपा नव्हता. स्वस्त माल बंद म्हणजे काही गिऱ्हाईक हातचं जाणार. तरी त्यांनी तो मानला. एकाच हातून दोन प्रती निघू लागल्या की आज आपल्या पाकिटात कोणती आली आहे याची खात्री घेणाऱ्याला उरत नाही, आणि खात्री नसलेला माल कुणी नाव घेऊन मागत नाही.

मागण्यासारखं नाव तरी तेव्हा कुठे होतं? ते आलं १९६२ मध्ये. त्यासाठी स्पर्धा ठेवली होती, बक्षीस पाच रुपये. त्यातून ‘लिज्जत’ निवडलं गेलं. म्हणजे एकसारखा माल आधी, नाव तीन वर्षांनी. १९६२-६३ मध्ये विक्री १ लाख ८२ हजारांवर पोहोचली. रामदास पाध्ये यांनी घडवलेला तो ‘कुर्रम कुर्रम’वाला ससा टीव्हीवर आला, तोवर पापड घराघरांत पोहोचून कितीतरी वर्षं झाली होती. जाहिरातीने ओळख पसरवली. पसरवण्यासारखं काहीतरी आधीपासून होतं.

यातला खरा शिकण्याचा भाग कामाच्या पद्धतीत आहे. लाटणाऱ्या हजारो बहिणी, प्रत्येकीचं स्वयंपाकघर वेगळं आणि हातही वेगळा. मग चव एक कशी राहणार? त्यांनी पीठ मळायचं काम केंद्रावर ठेवलं. सकाळी पीठ वाटायचं, बहिणींनी घरी लाटून, वाळवून ते परत आणायचं, केंद्रावर तपासणी आणि वजन करून पाकिटं भरायची. जिथे चव ठरते ती पायरी आपल्या हातात ठेवली आणि बाकीची सोपवली.

तुमच्या धंद्यात ही पायरी कोणती? गोड्या मसाल्यात ती भाजणीची असेल. लाल मिरची पुडीत ती खरेदीची असते: रंगासाठी ब्याडगी किती, तिखटपणासाठी लवंगी किती. ब्याडगीचा भाव चढतो त्या वर्षी प्रमाण जरासं हलवण्याचा मोह होतो. गिऱ्हाईक तक्रार करत नाही, फक्त पुढच्या वेळी नाव घेत नाही. त्यापेक्षा त्या वर्षी किंमत उघडपणे वाढवावी, नाहीतर पाकीट लहान करून वजन ठळक छापावं. माल तोच राहिला पाहिजे.

जे नाव तुमचं होऊ शकतं

बचत गटांच्या प्रदर्शनात फेरी मारली तर ‘माऊली’, ‘साई’, ‘स्वामी’, ‘घरगुती’, ‘गावरान’, ‘कोल्हापुरी’ ही नावं रांगेने दिसतात. श्रद्धा आणि आपुलकी समजू शकते, पण धंद्याच्या दृष्टीने ही नावं कमकुवत आहेत. चार गाळ्यांवर चार ‘माऊली’ असतील तर घरी गेल्यावर बाईंना आवडलेला मसाला कोणत्या माऊलीचा, हे आठवत नाही.

कायदाही इथे फारसा मदतीला येत नाही. ट्रेडमार्क कायदा, १९९९ नुसार मालाचा प्रकार, गुण किंवा गाव एवढंच सांगणारं नाव सहसा नोंदवता येत नाही. ‘कोल्हापुरी’ किंवा ‘शुद्ध’ हे शब्द सगळ्यांचे, एकट्याच्या नावावर कसे करणार? पवित्र नावांचंही तसंच. अगरबत्तीसाठी ‘रामायण’ या नावावर हक्क सांगणाऱ्या एका व्यापाऱ्याचा दावा सर्वोच्च न्यायालयाने २०१५ मध्ये नाकारला.

याउलट मालाशी काही संबंध नसलेलं नाव राखायला सर्वांत सोपं. १९३१ मध्ये दांडेकरांनी गिरगावातच शाईची पूड आणि गोळ्या करायला घेतल्या, नाव दिलं ‘हॉर्स ब्रँड’. पुढे ‘कॅमल’ आली. घोडा काय, उंट काय, शाईशी दोघांचाही संबंध नाही. म्हणूनच दुसऱ्या शाईवाल्याला ‘मी सहज वापरलं’ असं म्हणायची सोय उरत नाही. शिवाय देशात कुठेही, अक्षरओळख नसलेल्यालाही उंटाचं चित्र ओळखता येतं. ‘लिज्जत’ या दोन टोकांच्या मधलं: चवीची आठवण करून देतं, पण पापडाचं सरळ वर्णन करत नाही.

नाव सुचलं की ट्रेडमार्क नोंदणीच्या सरकारी संकेतस्थळावर ते आधी कुणी घेतलंय का ते पाहा, हा शोध फुकट आहे. ऑनलाइन अर्जाची फी व्यक्ती, स्टार्टअप आणि लघुउद्योगांना दर वर्गाला ४,५०० रुपये आहे, इतरांना ९,०००. वर्ग ही बाब नीट समजून घ्या. माल आणि सेवा मिळून ४५ वर्ग आहेत. मसाले ३० व्या वर्गात येतात, लोणची २९ व्या. दोन्ही करत असाल तर फी दुप्पट. अर्ज स्वीकारला गेला की तो ट्रेडमार्कच्या पत्रिकेत छापतात आणि चार महिन्यांत कुणीही हरकत घेऊ शकतो. नोंदणी दहा वर्षं टिकते, पुढे नूतनीकरण करत राहायचं. नावाशेजारी गोलातला ‘आर’ नोंदणी झाल्यावरच लावायचा. आधी लावला तर दंड होऊ शकतो. तोवर ‘टीएम’ चालतं.

दिसणं

आता लोगोकडे येऊ. पहिल्या वर्षी एक रंग, एक अक्षरवळण आणि एका आकाराचं पाकीट एवढं पुरतं. हे साधं असलं तरी चालेल, पण बदलता कामा नये. दिवाळीला सोनेरी, उन्हाळ्यात हिरवं, भाचा नवं ॲप शिकल्यावर तिसरंच, असं केलंत तर फळीवर तुमचं पाकीट शोधणारी नजर दरवेळी नव्याने चाचपडते. एफएसएसएआयचा १४ आकडी क्रमांक, वजन, तारीख आणि घटक वाचता येतील अशा अक्षरांत छापा. अनोळखी माल घेणारा माणूस पाकीट उलटून पाहतोच, आणि मागची बाजू ही नव्या धंद्याची पहिली परीक्षा असते.

हे सगळं करूनही एक गोष्ट ब्रँडिंगने साधत नाही: फसलेला माल त्याने तरत नाही. उलट नाव लक्षात राहिलं की तो टाळणंही सोपं होतं.

या आठवड्याचा अभ्यास. एक, तुमच्या मालाची चव किंवा गुण ठरवणारी एक पायरी लिहून काढा आणि ती सध्या कुणाच्या हातात आहे ते शेजारी लिहा. दोन, तुमचं नाव संकेतस्थळावर शोधा. तीन, तुमचा माल ठेवणाऱ्या दुकानदाराला विचारा, गेल्या महिन्यात किती जणांनी नाव घेऊन मागितला. आकडा शून्य आला तरी वहीत लिहा आणि दर महिन्याला तोच प्रश्न पुन्हा विचारा. विक्रीच्या आकड्यापेक्षा हा आकडा हळू वाढतो, पण एकदा वाढला की दुकानदाराशी कमिशनचं बोलणं तुमच्या बाजूने झुकू लागतं.

पुढच्या भागात : उधारी कुणाला द्यावी, किती द्यावी आणि वसूल कशी करावी.