घरगुती वैद्यक-पुस्तिका कशी सिद्ध करावी ?

वैद्यकावर मोठा ग्रंथ लिहिणें कठीण, पण बत्तीस पानांची लहानशी पुस्तिका लिहिणें सोपें, असा पुष्कळांचा समज असतो. आम्हांस तो बरोबर वाटत नाहीं. मोठ्या ग्रंथाचा वाचक जाणता असतो व त्यास विचार करावयास सवड असते. लहान पुस्तिका बहुधा रात्रीं उघडली जाते. घरांत मूल निपचित पडलेलें असतें, वडील माणसें घाबरलेलीं असतात, आणि पुस्तिका वाचून दाखविणारा शाळेंत जाणारा एखादा मुलगा किंवा मुलगी असते. अशा वाचकास योग्य पान लगेच सांपडलें पाहिजे, तें एका वाचनांत समजलें पाहिजे आणि त्याप्रमाणें वागतां आलें पाहिजे. सेलूच्या आसपासच्या खेड्यांतील घरांसाठीं अशी पुस्तिका करावयाची झाल्यास तिची आंखणी कशी असावी, याचा विचार प्रस्तुत लेखांत करूं.

आपल्या वर्धा जिल्ह्याशीं आरोग्यावरील एका प्रसिद्ध पुस्तकाचा निकट संबंध आहे. महात्मा गांधी १९३६ सालीं ज्या खेड्यांत राहावयास आले, त्यास पुढें सेवाग्राम हें नांव मिळालें. १९४२ च्या ऑगस्टांत त्यांना अटक होऊन पुण्याच्या आगाखान महालांत ठेवण्यांत आलें. तेथें २८ ऑगस्ट रोजीं त्यांनीं आरोग्यावर एक लहान पुस्तक लिहावयास घेतलें व १८ डिसेंबरला तें पुरें केलें. दक्षिण आफ्रिकेंत असतां 'इंडियन ओपिनियन' पत्रांत त्यांनीं या विषयावर लेखमाला लिहिली होती व तिचें पुस्तकही झालें होतें; तरीही त्यांनीं तेंच पुन्हां न काढतां नव्यानें लेखन केलें. त्यांच्याबरोबर कारावासांत असलेल्या डॉ. सुशीला नय्यर यांनीं त्याचें भाषांतर केलें. याच बाईंनीं पुढें सेवाग्राम येथें रुग्णसेवेचें कार्य उभारिलें व १९६९ सालीं तेथें वैद्यकीय महाविद्यालय सुरू झालें. हें पुस्तक छापून प्रसिद्ध झालें तें मात्र १९४८ सालीं. त्यांतील मातीच्या पट्ट्यांसारखे सर्वच उपाय आजच्या वैद्यकास मान्य नाहींत. पण त्याची मांडणी पाहण्याजोगी आहे. आधीं शरीर, हवा, पाणी व आहार, आणि उपचार मागाहून. लहान पुस्तकासही क्रम व सवड लागते, हा पहिला धडा आपण येथें घ्यावा.

दुसरें उदाहरण परदेशांतील आहे. डेव्हिड वर्नर हे डॉक्टर नव्हते; जीवशास्त्र हा त्यांचा विषय. मेक्सिकोच्या डोंगराळ खेड्यांत राहून त्यांनीं तेथील लोकांसाठीं स्पॅनिश भाषेंत एक वैद्यक-पुस्तक तयार केलें व तें १९७३ सालीं निघालें. 'जेथें डॉक्टर नाहीं' अशा अर्थाच्या नांवानें तें पुढें जगांतील अनेक भाषांत गेलें. आजाऱ्याच्या घरचीं माणसें काय विचारतात, हें त्यांनीं प्रथम ऐकून घेतलें, म्हणूनच त्यांचें पुस्तक उपयोगी पडलें.

आतां पुस्तिकेंत काय घ्यावें ? आमच्या मतें प्रत्येक विषयास तीन प्रश्न विचारावे. हा प्रसंग आपल्या भागांत वारंवार घडतो काय ? घरीं केलेल्या पहिल्या उपायानें जीव वांचूं शकतो काय ? आणि तो उपाय घरच्या माणसास करतां येण्याजोगा आहे काय ? तिन्हींचें उत्तर 'होय' आल्यास विषय घ्यावा, नाहीं तर सोडावा. या कसोटीस सर्पदंश, मुलांची हगवण, उन्हाचा झटका, भाजणें व फवारणीच्या औषधाची विषबाधा हे विषय निश्चित उतरतात. शेवटचा तर कापसाच्या मुलखांत कधींही टाळतां येणार नाहीं. आपल्या शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यांत २०१७ सालीं फवारणीमुळें वीसाहून अधिक शेतकरी व शेतमजूर दगावले. अंगावरील कपडे ताबडतोब काढावे, अंग साबणपाण्यानें धुवावें, बळेंच ओकारी काढवूं नये, आणि औषधाची बाटली किंवा तिच्यावरील चिठ्ठी डॉक्टरांस दाखविण्याकरितां बरोबर न्यावी, एवढ्या चार ओळी घरोघर असणें अगत्याचें आहे. उलट गोळ्यांचीं प्रमाणें व सुया टोंचण्याची माहिती यांस अशा पुस्तिकेंत थारा देऊं नये.

प्रत्येक विषयास एकच पान द्यावें व त्याचे चार भाग करावे: ओळखावें कसें, करावें काय, करूं नये काय, आणि दवाखान्यांत केव्हां न्यावें. सर्पदंशाचें पान घेऊं. नाग, मण्यार, घोणस व फुरसें हे आपल्याकडील चार मुख्य विषारी साप. मण्याराचा दंश बहुधा झोंपेंत होतो, दुखतही फारसा नाहीं. पुढें पोट दुखूं लागतें, पापण्या मिटूं लागतात, बोलणें जड होतें. म्हणून 'खूण दिसत नाहीं, तेव्हां साप नव्हे' असें समजूं नये. रोग्यास धीर द्यावा, चालवूं नये. अंगठी, बांगड्या काढाव्या. मोडलेल्या हाडास बांधतात तशी फळी लावून तो हात किंवा पाय स्थिर ठेवावा आणि तत्काळ सरकारी दवाखान्यांत न्यावें. सर्पविषावरील लस हाच उतारा होय. आंवळून दोरी बांधूं नये, चिरा देऊं नये, विष तोंडानें ओढूं नये, मांत्रिकाकडे वेळ घालवूं नये. दोरी आंवळण्याचा उपाय जुन्या प्रथमोपचाराच्या पुस्तकांतून शिकविला जात असे. आज तो घातक मानला जातो. यावरून पुस्तिकेवर छपाईचें वर्ष ठळक घालणें आणि प्रत्येक आवृत्ति डॉक्टरांकडून नव्यानें तपासून घेणें किती जरूर आहे, हें ध्यानांत येईल.

भाषेचा व मापांचा प्रश्न याहून नाजूक आहे. 'अतिसार' हा शब्द पुस्तकी. घरांत 'हगवण' म्हणतात, तोच छापावा. पंडिता रमाबाईंनीं मूळ हिब्रू व ग्रीक भाषांवरून पवित्र शास्त्राचें मराठी भाषांतर केलें, तें साध्या बायाबापड्यांस कळावें या हेतूनें. धर्मग्रंथासाठीं जर एवढी कळकळ धरावी, तर औषधाच्या पुस्तिकेनें विद्वत्ता मिरविण्यांत काय अर्थ ? मापाची गोष्टही तशीच. क्षारसंजीवनीची पुडी न मिळाल्यास एक लिटर स्वच्छ पाण्यांत सहा सपाट चमचे साखर व अर्धा सपाट चमचा मीठ घालावें, असें सांगतात. येथें चमचा म्हणजे पांच मिलिलिटरचा लहान चमचा. पण घरांत चमचे चार तऱ्हेचे असतात, आणि मीठ अधिक झाल्यास बालकास अपाय होतो. म्हणून चमच्याचें खऱ्या आकाराचें चित्र पानावर छापावें, व 'अर्धा' हा शब्द अक्षरांनीच लिहावा. आंकडा छापतांना पुसट झाला तर अर्ध्याचा एक व्हावयास वेळ लागत नाहीं. या साध्या पाण्याचें सामर्थ्य १९७१ सालीं बनगांवच्या निर्वासित छावणींत दिसून आलें. शिरेंतून देण्याचें सलाइन अपुरें पडूं लागलें, तेव्हां डॉ. दिलीप महालनबीस यांनीं साखर-मिठाचें पाणी आजाऱ्यांच्या नातलगांकरवीं पाजविलें, आणि तेथील मृत्यूंचें प्रमाण सुमारें ३० टक्क्यांवरून ४ टक्क्यांच्या खालीं आलें.

मजकूर तयार झाल्यावर तो लगेच छापखान्यांत धाडूं नये. प्रथम डॉक्टरांनीं व गांवच्या आशा कार्यकर्तीनें तो वाचावा. नंतर एखाद्या आजीबाईस व सातवींतील मुलास एकेक पान देऊन, कांहीं न सांगतां, त्याप्रमाणें करावयास लावावें. ते जेथें अडतील, तेथें दोष वाचकाचा नसून लेखकाचा आहे असें मानून वाक्य बदलावें. मुद्रितें दोघांनीं मिळून तपासावीं. एकानें मोठ्यानें वाचावें व दुसऱ्यानें मूळ प्रतीवर बोट ठेवावें. टाइप मोठा घ्यावा, विषय पान उलटून पुढें जाऊं देऊं नये, कोपऱ्यास दोरा ओंवून पुस्तिका खुंटीस टांगतां येईल अशी करावी, आणि पहिल्याच पानावर १०८ हा रुग्णवाहिकेचा क्रमांक घालून खालीं जवळच्या दवाखान्याचा क्रमांक लिहावयास जागा ठेवावी.

दयाळू शोमरोन्याची गोष्ट आपणां सर्वांस ठाऊक आहे. त्यानें जखमा बांधल्या, आपल्या जनावरावर बसवून जखमी मनुष्यास उतारशाळेंत नेलें, आणि तेथें त्यास दुसऱ्याच्या हवालीं करून खर्चाची तजवीज केली. जवळ होतें तें त्यानें केलें व पुढील काम योग्य ठिकाणीं सोंपविलें. चांगल्या वैद्यक-पुस्तिकेची मर्यादा व थोरवी दोन्ही यांत आलीं. आमच्या विद्यार्थ्यांपैकीं जे शुद्ध लिहितात, जे चित्रें काढतात, ज्यांस गांवची बोली नीट येते, त्या सर्वांस या कामांत जागा आहे. येत्या वर्षीं त्यांनीं एका विषयाचें एकच पान तरी तयार करून, डॉक्टरांकडून तपासून घेऊन, आपल्या घरच्या भिंतीस लावावें. एक पान निर्दोष झालें, म्हणजे बत्तीस पानांची वाट आपोआप दिसूं लागेल.