उचल आणि सुपारी

२०२६ च्या प्रजासत्ताकदिनाच्या पूर्वसंध्येला पद्म पुरस्कारांची यादी जाहीर झाली आणि तीत जव्हार तालुक्यातील वाळवंडे येथील तारपावादक भिकल्या लाडक्या धिंडा यांचे नाव ‘पद्मश्री’साठी आले, तेव्हा आमच्या अध्यापक-कक्षात दोन दिवस दुसरा विषय नव्हता. ज्यांनी आयुष्यात तारपा कधी जवळून पाहिला नाही, असे सहकारीही त्याविषयी अधिकारवाणीने बोलत होते. नव्वदीच्या घरातील त्या कलावंताचा गौरव उचितच आहे. तो फार उशिरा झाला, एवढेच म्हणता येईल. परंतु त्या आनंदात एक प्रश्न कोणी विचारला नाही. याच डोंगरात आज विशीतली पाच पोरे एकत्र येऊन वाजवू लागली, तर पुढे त्यांचे काय होते?

माझ्यापुरता हा प्रश्न तारप्यामुळे नव्हे, तर इंग्लंडमुळे निर्माण झाला. तृतीय वर्षाच्या वर्गात मी ब्रिटनचे १९७६ चे आर्थिक संकट शिकवीत होतो. पौंडाची घसरण झाली होती आणि एके काळच्या साम्राज्यसत्तेला आंतरराष्ट्रीय नाणेनिधीच्या दारी ३.९ अब्ज डॉलरचे कर्ज मागावे लागले होते. तासाच्या अखेरीस, मुलांचे डोळे मिटू लागले म्हणून, मी विषयांतर केले. त्याच वर्षी तेथील बेकार तरुणांनी ‘पंक’ नावाचे एक कर्कश संगीत उभे केले, एवढे सांगितले. हे संगीत मला आवडते असे मी म्हणणार नाही. माझा कान भजनावर आणि नाट्यसंगीतावर वाढलेला आहे. पण त्याचे अर्थशास्त्र विलक्षण आहे. १९७७ च्या आरंभी ‘साइडबर्न्स’ या घरगुती पत्रिकेत गिटारवरील तीन स्वरसंघांच्या आकृत्या काढून, एवढे येत असेल तर आता आपला बँड काढा, अशा अर्थाचा सल्ला छापला गेला. मँचेस्टरच्या ‘बझकॉक्स’ या मंडळीने मित्रांकडून व आप्तांकडून ५०० पौंड उसने घेतले, स्वतःच ‘स्पायरल स्क्रॅच’ नावाची ध्वनिमुद्रिका काढली आणि पहिल्या खेपेस १,००० प्रती तयार केल्या. पुढे तिच्या १६,००० प्रती खपल्या. कंपनी नाही, गुरू नाही, मध्यस्थ नाही. भांडवलाची अट या पोरांनी जवळजवळ शून्यावर आणली होती.

मागच्या बाकावरचा, मोखाडा तालुक्यातल्या एका पाड्यावरून येणारा विद्यार्थी त्यावर म्हणाला, “सर, आमचा पण आहे ना असा बँड.” वर्ग हसला. मीही हसलो, ही माझी पहिली चूक.

पुढे त्याच्याकडून जे कळले ते असे. पाच जण, सारे एकाच पाड्याच्या आसपासचे. एकाच्या घरी वडिलांचा तारपा होता. ज्यांनी तो पाहिला नसेल त्यांच्यासाठी सांगतो. वाळवलेल्या दुधी भोपळ्यात बांबूच्या दोन नळ्या बसवलेल्या, पुढे ताडाच्या पानांचा लांब कर्णा आणि सांधे बुजवायला मधमाश्यांचे मेण, असे हे वाद्य. वादकाला गालात हवा साठवून श्वास न तोडता वाजवावे लागते, कारण भोवती फेर धरून नाचणारे थांबलेले नसतात. बाजारातून आणावे असे त्यात काहीही नाही. सारे शेताच्या बांधावर आणि रानात मिळते. मँचेस्टरच्या पोरांना ५०० पौंड तरी लागले. येथे भांडवल म्हणजे एक भोपळा.

दुसऱ्याने नाशिककडील द्राक्षबागांत मजुरी करून जुना बँजो आणला. कोकणपट्टीत ज्याला बँजो म्हणतात ते विलायती वाद्य नव्हे. तो टाइपरायटरसारख्या कळांचा, तारांचा बुलबुलतरंग. ढोल घरचा होता. ध्वनिवर्धक मोबाइल दुरुस्तीचे दुकान चालवणाऱ्या एकाने भंगारातून जुळवून दिला. भाताची आवणी आटोपल्यावर ही मंडळी रात्री शाळेच्या ओट्यावर बसू लागली. पहिले दोन आठवडे भांडणातच गेले, कारण तारपा आणि बँजो यांचा सूर जुळेना. तारप्याचा सूर भोपळा ठरवतो आणि हवेच्या उष्म्याने मेण जरा सैल झाले की तोही हलतो. शेवटी तोडगा निघाला तो असा, की तारप्याने आपल्या जागी राहायचे आणि बँजोच्या तारा दर वेळी त्याच्या सुराला लावून घ्यायच्या. संगीतशास्त्राच्या जाणकारांना यात काही नवल वाटणार नाही. मला मात्र ते ऐकताना फार बरे वाटले. बाजारातून आलेल्या वस्तूने घरच्या वस्तूशी जुळवून घ्यावे, असे आमच्या शास्त्रात क्वचितच घडते.

ते काय वाजवीत? तारप्याच्या जुन्या चाली, त्या चालींवर स्वतः रचलेले शब्द, आणि त्या शब्दांत ठेकेदार, न आलेली एस.टी., रेशनचा तांदूळ. अशी रचना या प्रदेशाला परकी नाही. मोखाड्याच्या बोहाड्यात देवदैत्यांची सोंगे घेऊन नाचणाऱ्यांनाही वाद्यांचा ताल लागतोच, आणि १९४५ च्या वारली उठावाची आठवण या जिल्ह्यात अद्याप जिवंत आहे. मुंबईच्या ‘स्वदेसी’ या रॅप गाणाऱ्या तरुणांनी आरे वसाहतीतील आदिवासी कार्यकर्ते प्रकाश भोईर यांना बरोबर घेऊन ‘द वारली रिव्होल्ट’ हे गीत केले, ते त्याच उठावाचे नाव घेऊन. मुंबईपासून ते जगभर ऐकले गेले. आमच्या विद्यार्थ्यांनी तेही मोबाइलवर ऐकले होते.

मग अडले कोठे?

येथे दोन शब्दांकडे वाचकांचे लक्ष वेधतो. लग्नात वाजवण्यासाठी वाजंत्र्यांना जी आगाऊ रक्कम देतात तिला सुपारी म्हणतात. वीटभट्टीचा मालक मजुराला जी आगाऊ रक्कम देतो तिला उचल म्हणतात. दोन्ही आगाऊच, दोन्हींत माणूस शब्दाने बांधला जातो. पण उचल मिळते पावसाळ्यात, घरातली नागली आणि भात संपलेले असतात तेव्हा. आणि ती फेडावयाची असते दिवाळीनंतर वैशाखापर्यंत, भिवंडी-वसईकडील भट्ट्यांवर. सुपारी येते तुळशीच्या लग्नानंतर, आणि तिचा हंगामही वैशाखापर्यंतच. म्हणजे गाण्याला गिऱ्हाईक असते नेमके तेव्हाच गाणारे विटा पाडत असतात. पाचांपैकी तिघांच्या घरी उचल आलेली होती. त्या हंगामात त्यांना तीन लग्नांची विचारणा झाली आणि तिन्ही ठिकाणी शेवटी भाड्याचा डी.जे. वाजला. डी.जे.ला उचल घ्यावी लागत नाही.

इंग्लंडचा दाखला मी अर्धाच सांगितला होता, हे मला त्या वेळी उमगले. पंकवाल्यांचे साहस खरे, स्वस्ताईही खरी. पण त्यांच्यापैकी अनेकांच्या पाठीशी बेकारभत्ता होता. आठवड्याला थोडी का होईना रक्कम हाती येई, म्हणून दुपारभर एखाद्या तळघरात वाद्ये बडवता येत. पुढे १९८० च्या दशकात तेथील सरकारने स्वतःचा धंदा काढणाऱ्या बेकारांना आठवड्याला ४० पौंड देण्याची योजना काढली, तिचा लाभही कित्येक गाणाऱ्या-वाजवणाऱ्यांनी घेतला. ज्या सरकारला त्यांनी शिव्या घातल्या त्याच सरकारने त्यांना वेळ दिला. कलेच्या उत्पादनातला दुर्मीळ घटक भांडवल नाही, प्रतिभा तर नाहीच. पाच जणांनी एकाच ठिकाणी, एकाच वेळी मोकळे असणे हा तो घटक होय. योगायोग असा, की ‘स्पायरल स्क्रॅच’ निघाली त्याच १९७७ सालचा आपला महाराष्ट्राचा रोजगार हमी कायदा आहे. गावातच काम मिळाले, मजुरी वेळेवर हाती आली आणि माणसाला भट्टीवर जावे लागले नाही, तर त्या कायद्याने तारप्यालाही आपोआप आश्रय दिला असता. काम उशिरा निघते, पैसे त्याहून उशिरा येतात, आणि मुकादम मात्र श्रावणातच दारात उभा असतो. सरकारला सांस्कृतिक धोरण वेगळे आखण्याची हौस असेल तर तिने ती जरूर भागवावी. जव्हार-मोखाड्यात ते धोरण मजुरीच्या हजेरीपटावर ठरते.

माझी दुसरी चूक अधिक गंभीर आहे. स्नेहसंमेलनाच्या समितीत मी होतो. या मुलांनी अर्धा तास मागितला. त्या वेळी गावात दोघेच उरले होते. एक बँजोवाला आणि एक ढोलवाला. “पूर्ण चमू असेल तरच कार्यक्रमात घेऊ,” असे मी त्यांना बजावले. नियमाने ते बरोबरच होते. त्याच संमेलनात आम्ही ध्वनियंत्रणेच्या भाड्यावर जी रक्कम खर्च केली, तिच्यात तारपावाल्याच्या घरची उचल फिटून वर काही उरले असते. हा हिशेब मी नंतर केला. तो आधी करण्याइतके अर्थशास्त्र माझ्यापाशी होते, ही गोष्ट मला आजही बोचते.

पुरस्काराच्या बातमीनंतर तालुक्यात सत्कारांची चर्चा सुरू झाली. शाल, श्रीफळ, मानपत्र हे सारे व्हावे. माझ्या पिढीच्या शिक्षकांना मानपत्र लिहिणे चांगले जमते. परंतु श्रावणात मुकादम येण्यापूर्वी पाच घरांपर्यंत बिनव्याजी रक्कम पोहोचवणारी एखादी पतपेढी, एखादे शिक्षक मंडळ या दोन तालुक्यांत उभे राहू शकते काय, हे मी सहकाऱ्यांना विचारले. दोघांनी होकार दिला. एकाने, “त्यांनी पैसे बुडवले तर?” असे विचारले. लग्नाची सुपारी तारण धरू, असे मी म्हटल्यावर तो बराच वेळ हसला, आणि मग त्याने किती जणांकडून वर्गणी घ्यावी लागेल याचा हिशेब माझ्याच वहीत मांडला.

होळीला भट्टीवरची माणसे दोन-तीन दिवस घरी येतात. त्या रात्री पाड्यावर पाचही जण वाजवणार असल्याचा निरोप आला आहे, आणि सोबत एक काम. बँजोची तार तुटली आहे. ती जव्हारच्या बाजारात मिळाली नाही, म्हणून नाशिकला जाणाऱ्या एका सहकाऱ्याबरोबर मी दोन तारा मागवल्या आहेत.