सहाव्या वर्षाची दाढ : बालकांच्या कायम दातांची निगा

प्रस्तावना

मनुष्यास दातांचे दोन संच लाभतात : दुधाचे वीस आणि कायमचे बत्तीस. साधारणतः सहाव्या वर्षी दुधाचे दात पडू लागतात व बाराव्या वर्षाच्या सुमारास ही अदलाबदल पूर्ण होते. पडलेला दात छपरावर टाकण्याची रीत अनेक घरांत परिचित आहे. जुना दात पडला म्हणजे नवा येणार, ही समजूत पटाशीच्या दातांबाबत खरी आहे. परंतु पहिल्या कायम दाढेबाबत ती फसवी ठरते. प्रस्तुत लेखात या दाढेची ओळख, तिला असणारा धोका आणि तिची निगा यांचा विचार केला आहे.

ओळख

ही दाढ कोणत्याही दुधाच्या दाताची जागा घेत नाही. दुधाच्या शेवटच्या दाढेमागे, दोन्ही जबड्यांत, दोन्ही बाजूंस ती उगवते. काहीही पडत नसल्याने तिचे आगमन घरात कोणाच्या ध्यानी येत नाही आणि पुढे तिला कीड लागली, तरी 'दुधाची दाढ आहे, पडून जाईल' असे समजून उपचार टाळले जातात. वास्तविक ही दाढ गेल्यास तिच्या जागी दुसरी येत नाही. ओळखण्याची खूण सोपी आहे. दुधाच्या संचात मधल्या रेषेपासून प्रत्येक बाजूस पाचच दात असतात. सहावा दिसला, तर तो कायमचा होय.

धोक्याची कारणे

पहिले कारण रचनेत आहे. दाढेच्या चर्वणपृष्ठावर खोल, अरुंद खाचा असतात. ब्रशचा केस त्यांच्या तळाशी पोहोचत नाही. दुसरे कारण कालाचे आहे. हिरडीतून वर येऊन समोरच्या दाढेस भिडण्यास तिला अनेक महिने लागतात. या अवधीत ती शेजारच्या दातांपेक्षा खाली राहते, त्यामुळे ब्रश तिच्यावरून निघून जातो. तिसरे कारण असे की, नव्याने उगवलेल्या दाताचे इनॅमल पूर्ण परिपक्व नसते; लाळेतील खनिजे शोषून ते पुढील काही वर्षांत अधिक कठीण होते. तोंडातील जिवाणू साखरेपासून आम्ल तयार करतात. सामू सुमारे 5.5 च्या खाली गेला, की इनॅमलमधील खनिजे विरघळू लागतात. म्हणून साखर किती खाल्ली याइतकेच ती दिवसातून किती वेळा खाल्ली, हेही महत्त्वाचे ठरते.

निगा

1. दिवसातून दोनदा, विशेषतः झोपण्यापूर्वी, दात घासावेत. सात-आठ वर्षांपर्यंत मुलाच्या हातास पुरेसे कौशल्य नसते; म्हणून पालकांनी स्वतः दात घासून द्यावेत किंवा जवळ उभे राहून लक्ष द्यावे. उगवती दाढ घासताना ब्रश गालाच्या बाजूने आडवा धरावा.

2. किमान 1000 पीपीएम फ्लोराइड असलेली टूथपेस्ट वाटाण्याएवढी घ्यावी. फेस थुंकावा, नंतर भरपूर पाण्याने चूळ भरू नये. यवतमाळ, चंद्रपूर, नांदेड या जिल्ह्यांतील काही भागांत भूजलातच फ्लोराइड अधिक आढळते. तेथे दंतवैद्याचा सल्ला आवश्यक आहे.

3. दाढ पुरेशी वर येताच तिच्या खाचा सीलंटने बुजवून घ्याव्यात. या उपचारात दात कोरावा लागत नाही.

4. खेळताना कायमचा पुढचा दात मुळासकट निखळल्यास तो मुळाशी न धरता वरच्या भागाने धरावा, अलगद धुऊन तत्काळ खोबणीत बसवावा. ते न जमल्यास दुधात ठेवून शक्यतो अर्ध्या तासात दंतवैद्याकडे पोहोचावे. दुधाचा दात मात्र परत बसवू नये.

निष्कर्ष

जागतिक आरोग्य संघटनेने 2021 साली फ्लोराइडयुक्त टूथपेस्टचा समावेश अत्यावश्यक औषधांच्या यादीत केला. भारतात 2013 पासून राबविल्या जाणाऱ्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमातही दंतविकारांची तपासणी अंतर्भूत आहे. साधने व यंत्रणा आहेत. उणीव आहे ती ओळखीची. पहिली-दुसरीच्या वर्गांतील शिक्षकांना व पालकांना 'सहावा दात मोजा' एवढे सांगितले, तरी आयुष्यभर घास चावणारी ही दाढ गैरसमजापोटी गमावण्याचा प्रसंग टळू शकेल. अध्यापक प्रशिक्षण व राष्ट्रीय सेवा योजनेच्या उपक्रमांतून महाविद्यालये हे कार्य सहज करू शकतात.