जुना ट्रक : इंजिन बदलावे की चासी?

अमेरिकेत १९४०-५०च्या दशकांतले ट्रक हौसेने चालते ठेवणारी पुष्कळ मंडळी आहेत. असा ट्रक आजच्या महामार्गावर न्यायचा म्हटला की प्रश्न उभा राहतो : जुन्याच चासीवर नवे इंजिन बसवावे, की जुनी बॉडी उचलून नव्या चासीवर ठेवावी? प्रश्न गॅरेजमधला आहे, पण उत्तर शोधायला शाळेतले भौतिकशास्त्र पुरते.

उदाहरणादाखल १९४८ सालचा शेव्हरोले ३१०० हा पिक-अप ट्रक घेऊ. त्याचे सहा सिलिंडरांचे इंजिन २१६ घनइंचांचे, म्हणजे सुमारे साडेतीन लिटरचे. शक्ती जास्तीत जास्त ९० अश्वशक्ती, तीही मिनिटाला ३३०० फेऱ्यांवर. ट्रकचे वस्तुमान १५०० किलो धरू.

प्रथम पाहू, ही शक्ती खरोखर अपुरी आहे का? समोरचे क्षेत्रफळ अडीच चौरस मीटर आणि हवेच्या रोधाचा गुणांक ०.६ धरला, तर ताशी १०० किलोमीटर वेगाला हवेचा रोध सुमारे ७०० न्यूटन येतो. टायरांचा रोध २२० न्यूटन धरू. एकूण ९२० न्यूटनला सेकंदाला २७.८ मीटर या वेगाने गुणले की सुमारे २५.६ किलोवॅट, म्हणजे ३४ अश्वशक्ती होतात. सपाट रस्त्यावर शक्ती पुरेशी आहे!

मग अडते कोठे? फेऱ्यांमध्ये. चाकाचा व्यास ७१ सेंटिमीटर धरला तर परीघ २.२३ मीटर होतो. १०० किलोमीटर वेगाला चाक मिनिटाला सुमारे ७४७ वेळा फिरते. मागच्या एक्सलचे दंतचक्र-गुणोत्तर ४.११ असल्याने वरच्या गिअरमध्ये इंजिनाला ३०७० फेरे घ्यावे लागतात. या इंजिनात कनेक्टिंग रॉडच्या बेअरिंगांना दाबाखाली तेल मिळत नाही. ते उडवून पोचवले जाते. तासन्‌तास अशा फेऱ्यांवर पळवणे त्याला मानवत नाही.

दुसरी अडचण ब्रेकची. गतिज ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. ताशी ६० किलोमीटरला ती सुमारे २०८ किलोज्यूल असते. १०० ला ५७९, म्हणजे पावणेतीन पट. थांबताना ही सारी ऊर्जा उष्णता होऊन मुख्यतः चार ड्रममध्ये जाते. ड्रम तापले की ब्रेकची पकड कमी होते. म्हणून नुसते जोरदार इंजिन बसवणे हा सर्वांत धोक्याचा उपाय ठरतो : पळण्याची ताकद वाढते, थांबण्याची नाही.

शिवाय इंजिन एकटे बदलत नाही. या ट्रकचा प्रॉपेलर शाफ्ट एका बंद नळीत फिरतो आणि ती नळी मागच्या एक्सलला जोडलेली असते. आधुनिक इंजिन व गिअरबॉक्स घातले की शाफ्ट आणि एक्सलही बदलावे लागतात. मूळची वीजयंत्रणा ६ व्होल्टची आहे, तीही १२ व्होल्टची करावी लागते.

चासी बदलली तर पुढचे डिस्क ब्रेक, नवे स्टिअरिंग आणि स्प्रिंगा एकदम मिळतात. यासाठी अनेकजण शेव्हरोलेच्याच एस-१० या लहान पिक-अपची चासी घेतात. पण येथे मोजपट्टी आडवी येते. जुन्या ट्रकच्या पुढच्या व मागच्या चाकांतले अंतर ११६ इंच आहे. एस-१०च्या आखूड चासीचे १०८.३, तर लांब चासीचे ११७.९ इंच. पहिलीत पावणेआठ इंच कमी पडतात, दुसरीत सुमारे दोन इंच जास्त होतात. चासी कापून जोडायची तर वेल्डिंगचा प्रत्येक सांधा भार पेलणारा हवा. तो कच्चा राहिला तर जीवावर बेतते. बॉडीचे आधार आणि स्टिअरिंगचा दांडाही नव्याने बसवावा लागतो. एस-१०चे उत्पादन २००४ सालच्या मॉडेलनंतर थांबले, तेव्हा ही ‘नवी’ चासीही गंजलेली नाही ना, हे पाहावेच लागते.

निर्णय कसा करावा? मूळ चासी सरळ आणि गंजरहित असेल, वेग ताशी ७० किलोमीटरच्या आत राहणार असेल, तर दोन्ही बदल नकोत. त्या वेगाला इंजिन सुमारे २१५० फेऱ्यांवरच चालते; ब्रेक मात्र उत्तम हवेत. महामार्गावर जायचे असेल तर आधी डिस्क ब्रेक आणि ३.५५ गुणोत्तराचा एक्सल, मग गरज वाटल्यास इंजिन. मूळ चासीच सडली किंवा वाकली असेल, तरच चासी बदलण्यात अर्थ आहे.

आणखी एक मुद्दा इतिहासाचा. चासी बदलली की जुन्या ट्रकची उरते ती फक्त बॉडी. भारतात २०२१ साली केंद्रीय मोटार वाहन नियमांत ५० वर्षांहून जुन्या खासगी वाहनांसाठी ‘व्हिंटेज’ नोंदणी आली, तिच्यातही वाहन मूळ रूपात असण्याची आणि चासी, बॉडी वा इंजिनात मोठा फेरबदल नसण्याची अट आहे.

वर्गात हे गणित जरूर करून घ्यावे : ३.५५ गुणोत्तराला १०० किलोमीटर वेगावर इंजिनाचे फेरे किती? उत्तर सुमारे २६५० येईल. एक दंतचक्र बदलल्याने मिनिटाला चारशेहून अधिक फेरे वाचतात, हे विद्यार्थ्यांनी स्वतः काढले की ‘आधी मोजा, मग बदला’ हे वेगळे सांगावे लागणार नाही.