शिकागोची बिनतिकिटाची मैफल

शिकागो म्हटले की आपल्याकडच्या वडीलधाऱ्यांना स्वामी विवेकानंद आठवतात, सिनेमाच्या शौकिनांना अल कपोन आणि त्याची बंदूकधारी टोळी आठवते, आणि अलीकडे पुष्कळ घरांत शिकागो म्हणजे थोरल्या मुलाचे गाव. गाण्याचे गाव म्हणून मात्र त्याचे नाव सहसा कोणी घेत नाही. ते घ्यायला हवे. उत्तम प्रतीचे संगीत, उघड्या आकाशाखाली आणि एक सेंटही न देता, इतक्या सातत्याने ऐकवणारी शहरे जगात थोडीच असतील.

मे महिन्यात मुलाकडे गेलेल्या आईवडिलांची दिनचर्या आपल्याला ठाऊक आहे. मुलगा-सून कामाला, नातवंडे शाळेत किंवा शिबिरात, आणि ही दोघे नेपरव्हिलच्या किंवा शॉमबर्गच्या घरात खिडकीतून निर्जन रस्ता न्याहाळत बसलेली. हा लेख प्रथम त्यांच्यासाठी आहे. उपनगरी गाडी युनियन स्टेशनवर आणून सोडते. तेथून पूर्वेला, सरोवराच्या दिशेने मैलभर चालले की मिशिगन अ‍ॅव्हेन्यू लागतो. उजव्या हाताला थोडे पुढे ती इमारत, जिथे १८९३ साली सर्वधर्मपरिषद भरली होती. आज तिच्यात चित्रसंग्रहालय आहे, आणि तिच्यासमोरच्या रस्त्याच्या तुकड्याला स्वामीजींचे नाव दिलेले आहे. तिच्या उत्तरेला, रस्ता ओलांडताच, मिलेनियम पार्क. पाऱ्याचा थेंब सांडून गोठावा तसे जे प्रचंड शिल्प तेथे चमकते, ते मुंबईत जन्मलेल्या अनिश कपूर यांचे. त्यापुढे पोलादाच्या फिती वाऱ्यावर उधळल्यासारख्या दिसणारा रंगमंच, समोर चार हजार खुर्च्या आणि मागे सात हजार माणसे मावतील अशी हिरवळ. आपली जागा त्या हिरवळीवर.

ही जागा मोकळी कशी राहिली याचीही एक हकीकत आहे. १८३६ च्या नकाशावर सरोवरकाठच्या या पट्ट्यावर अशी नोंद होती की ही सार्वजनिक भूमी सदैव मोकळी राहावी, तीवर इमारत उठू नये. नकाशावरच्या नोंदींचे पुढे काय होते हे आपल्याकडच्या वाचकांना सांगायला नको! तेथेही राडारोडा, तबेले, रेल्वेचे डबे, छपऱ्या असे सारे तेथे गोळा झाले होते. टपालाने माल विकून गबर झालेला मॉन्टगोमेरी वॉर्ड नावाचा व्यापारी होता. त्याची पेढी या पट्ट्यासमोरच होती. १८९० साली त्याने शहरावर दावा लावला आणि तब्बल वीस वर्षे एकामागून एक खटले चालवून शेवटी सर्वोच्च न्यायालयापर्यंत (इलिनॉय राज्याच्या) तो जिंकला. वर्तमानपत्रांनी त्याला प्रगतीचा वैरी ठरवले, बड्या लोकांनी नाके मुरडली. समोरचे सरोवर दिसत राहावे हा त्याचा स्वार्थही त्यात असेल; पण त्या स्वार्थाची हिरवळ आज सगळे गाव वापरते. इतकी की २००४ मध्ये हा नवा रंगमंच बांधताना उंचीच्या मर्यादेतून सुटण्यासाठी, ही इमारत नव्हे, कलाकृती आहे, अशी कागदोपत्री मखलाशी करावी लागली.

जमीन वॉर्डने राखली. तीवरचे गाणे दुसऱ्या एका माणसाने आणले. त्याचे नाव जेम्स पेट्रिलो. हा शिकागोतच जन्मलेला, बेताचाच ट्रंपेटवादक. वादनात आपले काही खरे नाही हे लवकर ओळखून तो वादकांच्या संघटनेत शिरला आणि तेथे मात्र त्याने असा सूर लावला की मालक मंडळी कानांवर हात ठेवू लागली. बोलायला फाटक्या तोंडाचा, आणि जंतूंची एवढी धास्ती की हस्तांदोलनाला करंगळी तेवढी पुढे करायचा.

त्या काळी मूकपटाच्या प्रत्येक थिएटरात पडद्यापुढे वादकांचा ताफा बसे. १९२७ साली बोलपट आला आणि दोनचार वर्षांत हजारो वादक घरी बसले. त्यातच मंदी आली. आपल्याकडे हे दुःख अगदी ओळखीचे आहे. १९३१-३२ साली बोलपट इकडे आला, आणि नाटकगृहे ओस पडून एकेक नाटक मंडळी खाली बसली. साक्षात बालगंधर्वांना १९३५ साली प्रभातच्या ‘धर्मात्मा’मध्ये कॅमेऱ्यासमोर उभे राहावे लागले. नेमक्या त्याच साली, १९३५ च्या १ जुलैला, पेट्रिलोच्या खटपटीने शिकागोच्या ग्रँट पार्कमध्ये फुकट मैफलींचा पहिला हंगाम सुरू झाला. त्याचा हिशेब सरळ होता. वादकाला रोजगार हवा, मंदीने गांजलेल्या माणसाला विरंगुळा हवा, आणि बागेला भाडे लागत नाही.

यातली मेख वाचकांच्या ध्यानात यावी. ऐकणाऱ्याला फुकट, पण वाजवणाऱ्याला नव्हे. आपल्याकडे ‘कला ही सेवा आहे’ असे म्हणून कलावंताला नारळ आणि शाल देऊन वाटेला लावण्याची जी सोयीस्कर पद्धत आहे, तिला पेट्रिलोने संघटनेच्या कचेरीबाहेर हाकलले असते. पुढे तो सबंध अमेरिकेतील वादकांचा अध्यक्ष झाला आणि १९४२ च्या ऑगस्टपासून त्याने ध्वनिमुद्रणावर बहिष्कारच पुकारला. तुमची तबकडी रोज वाजते, तीमुळे माझा वादक बेकार होतो; तेव्हा प्रत्येक तबकडीमागे काही रक्कम द्या, असा त्याचा आग्रह. युद्ध चालू, खुद्द अध्यक्ष रूझवेल्ट यांनी विनंती केलेली, तरी हा गृहस्थ हटला नाही. १९४३-४४ मध्ये एकेक कंपनी नमली. त्या पैशातून जो निधी उभा राहिला, त्यातून गावोगावच्या बागांत, शाळांत, रुग्णालयांत वादकांना मेहनताना देऊन फुकट मैफली झाल्या. ज्या यंत्राने रोजगार खाल्ला त्याच यंत्राकडून त्याने वसुली केली. संगणकाला गाणे रचायला लावणाऱ्या आजच्या दिवसांत या करंगळीवाल्याची आठवण तिकडच्या वादकांना झाली तर नवल नाही.

ग्रँट पार्कच्या त्या हंगामाने लवकरच मूळ धरले. १९३९ साली लिली पॉन्स या गायिकेला ऐकायला तीन लाखांवर माणसे लोटल्याचा अंदाज तेव्हा छापला गेला. १९४४ मध्ये बागेचा स्वतःचा वाद्यवृंद उभा राहिला. १९५८ साली मॉस्कोची स्पर्धा जिंकून आलेला व्हॅन क्लायबर्न येथे पियानो वाजवून गेला, तेव्हाही सत्तर हजारांच्या आसपास श्रोते होते.

तीन लाखांना काय ऐकू आले असेल, असे कोणी विचारील. खुल्या मैदानातले कर्णे म्हणजे काय असते ते गणेशोत्सवात आपण अनुभवतोच. नव्या रंगमंचाची खरी करामत येथे आहे. हिरवळीवर पोलादी नळ्यांची एक कमानदार जाळी ताणलेली आहे, सुमारे सहाशे फूट लांब आणि तीनशे फूट रुंद. तिला मध्ये एकही खांब नाही. तिच्यावर ध्वनिक्षेपक टांगलेले. आता हवेतून आवाज सेकंदाला सुमारे ३४० मीटर जातो, म्हणजे मंचावरचे व्हायोलिन सहाशे फुटांवरच्या माणसाला अर्ध्या सेकंदाने ऐकू येणार. तारेतून मात्र ते तत्क्षणी पोहोचते. दोन्ही एकदम सोडले तर एकच सूर दोनदा ऐकू येऊन सगळा गोंधळ उडेल. म्हणून प्रत्येक ओळीतला ध्वनिक्षेपक तेवढा काळ थांबून बोलतो. परिणाम असा की डोक्यावर कर्णा असूनही कानाला वाटते, आवाज समोरून, मंचावरूनच येतो आहे. आपल्या मैदानी समारंभांच्या संयोजकांनी एवढी एक युक्ती उचलली तर मागच्या रांगांतले श्रोते त्यांना दुवा देतील.

हा महोत्सव साधारण जूनच्या मध्यापासून ऑगस्टच्या मध्यापर्यंत, दहा आठवडे चालतो. बुधवारी आणि शुक्रवारी साडेसहाला, शनिवारी साडेसातला, असा अलीकडचा शिरस्ता आहे. जूनमध्ये तेथे सूर्य साडेआठला मावळतो. तेव्हा बुधवारची मैफल उजेडातच ऐकून घरी परतता येते. पुढच्या काही रांगा वर्गणीदारांसाठी राखीव. बाकी सारे मोकळे. सतरंजी न्यावी, सरोवराचा वारा झोंबतो म्हणून स्वेटर न्यावा आणि खुशाल दशम्या न्याव्यात. शेजारचे कुटुंबही टोपली उघडून बसलेले असते. आणखी एक गुपित सांगतो. वाद्यवृंदाच्या दिवसाच्या तालमी याच मंचावर होतात आणि त्याही कोणालाही ऐकता येतात. पाश्चात्त्य संगीताचा कान नसलेल्याने तर आधी तालमीलाच जावे. संचालक मध्येच थांबवतो, चारच मात्रा पुन्हा वाजवून घेतो, कोणते वाद्य चुकले ते बोट दाखवून सांगतो. शिकवणी फुकटात होऊन जाते.

मात्र मोकळ्या भूमीवरही कुंपणे पडतात. २००५ पासून दर उन्हाळ्यात ग्रँट पार्कमध्ये ‘लोलापालूझा’ नावाचा तरुणांचा महोत्सव भरतो. चार दिवस, रोज लाखभर पोरे, भक्कम तिकीट आणि सभोवार जाळी. बागखात्याला त्यातून पैसा मिळतो हे खरे. त्या आठवड्यात आपला फुकटचा वाद्यवृंद शेजारच्या हॅरिस थिएटरात जातो, आणि ते थिएटर वॉर्डच्या उंचीमर्यादेमुळे बहुतांश जमिनीखाली बांधलेले आहे. वर दणदणाट, खाली व्हायोलिने! व्यवस्था चोख आहे, पण सार्वजनिक मैदान किती दिवस जाळीआड असावे यावर गावात कुरकुर असते, आणि ती रास्त आहे असे मला वाटते.

जूनमध्येच याच बागेत ‘ब्लूज’चा महोत्सव होतो, १९८४ पासून, तोही बिनतिकीट. हे शिकागोचे खरे घरचे गाणे. मिसिसिपीच्या कापसाच्या शेतांतून काळी माणसे आगगाडीने उत्तरेला आली ती याच ग्रँट पार्कच्या दक्षिण टोकाच्या स्टेशनवर उतरली. १९४३ साली मडी वॉटर्स असाच आला. खेड्यातली साधी गिटार शहराच्या कोलाहलात ऐकू येईना, म्हणून त्या गाण्याने विजेचा आधार घेतला. मॅक्सवेल स्ट्रीटच्या रविवारच्या बाजारात वादक आजूबाजूच्या घरांतून वायर ओढून घेत आणि रस्त्यावर उभे राहून वाजवत. त्या आवाजाने पुढे इंग्लंडच्या पोरांना वेड लावले. तो जुना बाजार मात्र १९९४ साली विद्यापीठाच्या विस्तारासाठी उठवण्यात आला.

ज्यांना गर्दी सोसत नाही त्यांनी उत्तरेला पंचवीस मैलांवर रॅव्हिनियाला जावे. तेथे तिकीट आहे, पण हिरवळीचे पुष्कळदा बेताचे असते. १९०४ साली एका रेल्वे कंपनीने उतारू मिळावेत म्हणून ही बाग काढली; गाडी आजही फाटकाशी थांबते. तेथे लोक मेणबत्त्यांची झुंबरे आणि पांढरी टेबलपोसे घेऊन येतात. गाण्यापेक्षा जेवणाचा थाट मोठा, असे काही वेळा वाटते.

हा अंक आपल्या हाती असताना शिकागोची हिरवळ पिवळी पडलेली असेल. हिवाळ्यात संगीत घरात जाते. दर बुधवारी दुपारी सव्वाबाराला तरुण कलावंतांच्या बिनतिकीट मैफली १९७७ पासून चालत आल्या आहेत. युद्धकाळात लंडनमध्ये भर दुपारी पियानो ऐकवणाऱ्या मायरा हेस यांचे नाव त्यांना दिले आहे. १८९१ साली स्थापन झालेला शिकागो सिंफनी वाद्यवृंद जगातल्या अव्वल वाद्यवृंदांत गणला जातो, आणि त्याचे तिकीटही तसेच. पण २०१९ च्या वसंतात निवृत्तिवेतनाच्या प्रश्नावर हे नामांकित वादक सात आठवडे संपावर होते. मिशिगन अ‍ॅव्हेन्यूवर फलक घेऊन ते फेऱ्या घालत होते, आणि त्याच दिवसांत त्यांनी गावात ठिकठिकाणी फुकट मैफली केल्या. पेट्रिलो असता तर त्याने चक्क पूर्ण हात पुढे केला असता.

शेवटी आपल्या कानाची गोष्ट. महापालिकेच्या जागतिक संगीत महोत्सवात २०१३ पासून ‘रागमाला’ नावाची एक बैठक सुरू झाली. जागा मिशिगन अ‍ॅव्हेन्यूवरची, १८९७ साली ग्रंथालयासाठी बांधलेली जुनी इमारत. माथ्यावर ३८ फूट व्यासाचा रंगीत काचांचा घुमट. सप्टेंबरातल्या एका संध्याकाळी सुरू झालेले हिंदुस्थानी आणि कर्नाटक संगीत येथे थेट दुसऱ्या दिवशीच्या सकाळपर्यंत चालते, आणि तेही विनामूल्य. लोक चटया-पांघरुणे घेऊन येतात. पुण्यातला सवाई गंधर्व महोत्सव एके काळी रात्र रात्र रंगत असे. २००० सालच्या ध्वनिनियमांनंतर मांडवातल्या मैफलींची नजर दहाच्या काट्यावर गेली आणि पहाटेचे राग आपल्याच गावात पोरके झाले. नियम वाईट नाही. आजाऱ्याला झोप हवीच. पण बंदिस्त दालनाला ती अडचण नाही. ललत ललताच्या वेळी आणि अहिरभैरव अहिरभैरवाच्या वेळी ऐकायचा असेल, तर मुलाला सांगून ठेवावे की उन्हाळा संपला तरी परतीचे तिकीट सप्टेंबरअखेरचेच काढ. तारीख महापालिका उन्हाळ्यात जाहीर करते. दार संध्याकाळी उघडते. खुर्च्या थोड्या असतात, तेव्हा गुडघे दुखणाऱ्यांनी लवकर जाऊन भिंतीकडेची जागा धरावी.